सिपनेच्या खोऱ्यात तीन दिवस: मेळघाटात पाखरं बघायची तर

मेळघाटासाठी तीन दिवस हाताशी असतील तर पहिल्याच सकाळी वाघाचा नाद सोडून द्या. हे जंगल ताडोबासारखं सपाट नाही. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत टेकडीमागे टेकडी, मध्ये घळी आणि नाले आहेत, आणि जनावर दोन उड्यांत उताराआड जातं. जिप्सीत सहा तास वाघ हुडकणारी मंडळी बहुतेक वेळा हिरमुसून परततात. तेवढ्या वेळात डोक्यावरच्या सागावर काय येऊन बसलं आणि काय उडून गेलं, याचा त्यांना पत्ताही नसतो. पाखरं, पायवाटा आणि कोरकू आदिवासींची गावं बघायची असतील तर एकच खोरं धरा, तिथे मुक्काम टाका आणि गाडीचं इंजिन बंद ठेवायची सवय लावा.

खोरं धरायचं ते सिपनेचं. मेळघाटातून खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या वाहतात आणि सगळ्यांचं पाणी शेवटी तापीला मिळतं. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि नदीकाठचं जंगल बघितलं की हे नाव कुठून आलं ते वेगळं सांगावं लागत नाही. सेमाडोह, कोलकास आणि हरिसाल ही तिन्ही ठिकाणं परतवाडा-धारणी रस्त्यावर, याच खोऱ्यात आहेत. दोन रात्री सेमाडोह किंवा कोलकासला आणि तिसरी वर चिखलदऱ्याला, अशी वाटणी बरी पडते. उलट करू नका. आधी चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर गेलात तर मक्याची कणसं आणि गाड्यांचे हॉर्न यांतच दिवस जातो आणि खाली उतरायचा उत्साह राहत नाही.

कधी जायचं ते काय बघायचं आहे यावर ठरतं. डिसेंबर-जानेवारीत पाखरांचे मिश्र थवे असतात, हिवाळी पाहुणे आलेले असतात, पण गावं अर्धी रिकामी. कापणी आटोपली की पुष्कळ कोरकू कुटुंबं मजुरीला बाहेर जातात आणि होळीला परततात. त्यामुळे पाखरं आणि माणसं दोन्ही हवी असतील तर फेब्रुवारीचा शेवट ते होळी हा काळ गाठा. पळस आणि काटेसावर फुललेली असते, सागाची पानं गळून जंगल उघडं पडलेलं असतं, आणि गावोगावी होळीची गडबड असते. एप्रिल-मेमध्ये खाली अमरावतीत पारा ४५च्या घरात असताना खोऱ्यातही दुपार सोसत नाही, पण डोहांवर पाखरं गोळा होतात. जूनच्या सुरुवातीला नवरंग आलेला असतो. नाल्याकाठी पहाटे आणि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐका. त्यानंतर पावसाळाभर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. तेव्हा चिखलदऱ्याचं धुकं बघायला या, पाखरांची यादी वाढवायला नको.

मुंबई-नागपूर मार्गावरच्या बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठा. तिथून परतवाडा पन्नासएक किलोमीटर, आणि एसटी वारंवार असते. (अचलपूरची शकुंतला बंद आहे; जुना नकाशा बघून त्या रेल्वेवर बेत बांधू नका.) परतवाड्यात तीन कामं उरका: डिझेल-पेट्रोलची टाकी भरा, रोख पैसे काढा, आणि घरी कळवून टाका की आता फोन लागेलच असं नाही. पुढे घाटात नेटवर्क येतं-जातं. नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला साधारण दीड तास लागतो. वळणं फार आहेत, म्हणून तर्रीपोहे हाणून लगेच गाडीत बसू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. रात्री या रस्त्यावर सांबर, गवे आणि अस्वलं असतात, आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही.

वनविभागाची निवासं आणि सफारी यांचं आरक्षण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावर होतं. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्या लवकर भरतात. गाभा क्षेत्रात मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही. आखलेल्या निसर्गवाटेवर, सोबत गाईड घेऊनच चालायचं. ही अट जाचक वाटू देऊ नका. गाईड बहुतेक इथल्याच गावातला पोरगा असतो आणि त्याचे कान तुमच्या दुर्बिणीपेक्षा पुढचे असतात. फक्त निघण्याआधी त्याला आणि गाडीवाल्याला स्पष्ट सांगा: ‘भाऊ, वाघ नाही दिसला तरी चालते. थांब म्हटलं की थांबायचं आणि इंजिन बंद करायचं.’ हे सांगितलं नाही तर ते सवयीने गाडी वाघाच्या मागावर दामटतात. त्यात त्यांची चूक नाही, बाकीचे पाहुणे तेच मागतात.

सामानात दुर्बीण ८×४२ची घ्या. १०×ची घेऊ नका. दाट झाडीत १०×चं दृश्य अरुंद असतं, हात हलला की चित्र थरथरतं आणि पाखरू सापडेपर्यंत फांदी रिकामी झालेली असते. कपडे फिके खाकी किंवा मळके हिरवे. पांढरा शर्ट दोनशे फुटांवरून ओरडतो. पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. डिसेंबरात खोऱ्यात पहाटे चिखलदऱ्यापेक्षाही जास्त गारठा लागू शकतो, याचं नव्या माणसाला नवल वाटतं. कारण साधं आहे. रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली घसरते आणि नदीच्या पात्रात साचून राहते. म्हणून ‘खालीच तर आहे’ म्हणत स्वेटर घरी ठेवू नका. कानटोपीही हवी, पण कान उघडे राहतील अशी घाला. अर्धी पाखरं आधी ऐकूच येतात.

आता सकाळचं तंत्र. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, पण खोऱ्यात ऊन खाली उतरायला त्यानंतर अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर पाखरं फुगून बसलेली असतात, हलत नाहीत. पहिलं ऊन खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या उतारावर पडतं, कारण तो पूर्वेला तोंड करून आहे. तुम्ही समोरच्या बाजूला, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा आणि त्या उन्हात न्हायलेल्या शेंड्यांवर नजर ठेवा. ऊन लागलं की किडे हलतात आणि किडे हलले की पाखरं येतात. शेंड्यावर बसलेला हरियालांचा थवा, वाळक्या खोडावर अंग शेकणारा सर्पगरुड किंवा मोरघार, पोपट, हे सगळं सात ते आठच्या दरम्यान एका जागी उभं राहून दिसतं. सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात तर प्रत्येक पाखरू काळं.

आठ वाजल्यानंतर चालायला लागा. ताशी एक किलोमीटर एवढाच वेग ठेवा. वीस पावलं चाला, दोन मिनिटं थांबा. हिवाळ्यात अर्धा तास जंगल सुनं असतं आणि मग एकदम चहूबाजूंनी आवाज येतात. हा मिश्र थवा. पुढे कोतवाल, वर निखार, खोडावर शिलिंध्री उलटी उतरत असते, सुतार टकटक करतो, मधल्या फांद्यांत सुभग, पर्णपक्षी, राखी वल्गुली, आणि खाली झुडपांत नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत असतो. मागे कुठेतरी टकाचोर. इथे सगळ्यांची चूक एकच होते: थव्यामागे धावतात. थवा तुमच्यापासून दूर सरकत राहतो आणि तुम्हाला शेपट्याच दिसतात. थवा कुठल्या दिशेने जातोय ते आधी मिनिटभर बघा, मग वाटेवरूनच चाळीस-पन्नास पावलं पुढे जा आणि झाडाला पाठ लावून उभे राहा. तो तुमच्या अंगावरून जातो. पहिल्यांदा कोतवालाकडे बघू नका, तो नंतरही दिसतो. शांत, लहान, मधल्या थरातली पाखरं आधी उरका.

फुललेली काटेसावर सापडली तर चालणं सोडून द्या. पालवी नसलेल्या झाडावर लाल फुलं, त्यामुळे काहीच लपत नाही. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, सावलीत, बसून राहा. पहिली दहा मिनिटं रिकामी जातील. मग एक कोतवाल येतो, चोच फुलात बुडवतो आणि कपाळ पिवळं करून वर काढतो. मागोमाग मैना, हळद्या, बुलबुल, आणि गुलाबी अंगाच्या पळसमैनांचा कलकलाट. खाली पडलेली फुलं खायला भेकर येऊ शकतं, म्हणून बसल्यावर बोलू नका. तासाभराच्या बैठकीत अर्ध्या दिवसाच्या भटकंतीएवढं दिसून जातं.

रानपिंगळा या लहानशा घुबडासाठी मात्र वेगळी शिस्त हवी. हे पाखरू १८७३ साली शास्त्राच्या नोंदीत आलं, १८८४ नंतर त्याची खरी नोंदच नव्हती, आणि नामशेष झालं असं धरून चाललेले असताना नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं. पुढे मेळघाटात त्याचा मोठा ठेवा असल्याचं दिसून आलं. लोक त्याला गर्द रानात शोधतात आणि तिथे ते नसतं. त्याला विरळ सागवन, मध्ये गवताचे मोकळे तुकडे, वावराचा धुरा अशी जागा लागते. बसायला उघडी फांदी आणि खाली सरडे, उंदीर, नाकतोडे दिसतील अशी मोकळी जमीन हवी. दिवसा शिकार करणारं हे घुबड थंडीच्या सकाळी पानगळ झालेल्या झाडाच्या टोकाला ऊन खात बसतं आणि शेपूट झटक्याने इकडून तिकडे हलवतं.

ओळखताना पुष्कळ जण फसतात, कारण साधा पिंगळाही सकाळी उशिरापर्यंत दिसतो. दिवसा दिसला म्हणून रानपिंगळा ठरवू नका. डोकं बघा: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, करडा-तपकिरी. मग छाती: रानपिंगळ्याची वरची छाती गडद, एकसंध, आणि खाली पोटाचा मधला भाग पांढरा, पिंगळ्याची छाती ठिपक्याठिपक्यांची. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पट्टे, चोच आणि पाय अंगाच्या मानाने दणकट. अंगभर बारीक आडव्या रेघा असतील आणि डोकंही रेघांचंच असेल, तर तो जंगली पिंगळा. आणि गावातल्या आंब्याच्या ढोलीत जोडी बसली असेल तर तो साधा पिंगळाच, उगाच फोटो पाठवून वाद घालू नका.

मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावणं हा शुद्ध त्रास आहे. ऑक्टोबर ते मे त्याचा विणीचा काळ आहे. दुसरा नर आला असं समजून तो ढोली सोडून भांडायला येतो, आणि तेवढ्या वेळात मादी उपाशी, पिल्लं उघडी. तीसेक मीटरांच्या आत जाऊ नका. पाखरू मान ताणून, अंग बारीक करून तुमच्याकडेच बघायला लागलं तर तुम्ही आधीच जास्त जवळ आलात, मागे सरा. ढोली दिसली तर फोटोबरोबर ठिकाण टाकू नका. गाईड ढोलीपाशी नेतो म्हणाला तर नाही म्हणा, तो तुमच्या खुशीसाठीच नेत असतो.

दुपारी अकरा ते तीन झोपा. कोणी कितीही म्हटलं तरी त्या वेळात फारसं हाती लागत नाही. तीननंतर डोहावर जा. सिपनेचं पात्र उन्हाळ्यात तुटतं आणि खोलगट जागी पाणी राहतं, ते डोह. काठावर अर्जुन आणि जांभूळ वाकलेले असतात. पाण्याच्या काठाला लागून बसू नका. काठापासून पंधरा-वीस पावलं मागे, दगडाला टेकून बसा, म्हणजे तुमची आकृती आकाशावर उमटत नाही. वरच्या फांदीवर खंड्या, पाण्यावर झुकलेल्या काठीवर नीलिमा, दगडावर शेपूट नाचवत महाधोबी. संध्याकाळ कलली की स्वर्गीय नर्तक येतो. तो पाणी पीत नाही, वरून सूर मारतो, अंग ओलं करतो आणि परत फांदीवर बसून पिसं साफ करतो. हे तो चार-पाच वेळा करतो, त्यामुळे पहिल्या वेळी कॅमेरा चुकला तरी घाई करू नका, त्याच फांदीवर नेम धरा. अंधारायच्या वीस मिनिटं आधी उठा. त्यानंतर डोह अस्वलांचा आणि बिबट्यांचा.

अस्वलाबद्दल नीट ऐका, कारण इथे वाघापेक्षा त्याची भीती जास्त खरी आहे. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, ती खायला अस्वल पहाटे झाडाखाली येतं आणि गावच्या बायकाही फुलं वेचायला तेव्हाच निघतात. अस्वलाला फार दिसत नाही, आणि माणूस एकदम समोर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून त्या दिवसांत उजाडण्याआधी पायवाट धरू नका, आणि दाट झुडपातून जाताना आपसांत हळू बोलत चाला. समोर आलंच तर पळू नका, झाडावर तर चढूच नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरा. एकट्या रानगव्यालाही वाट सोडून द्या.

बाकीचे त्रास लहान, पण सहल नासवणारे. ऑक्टोबरनंतर खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. त्यांची लव अंगाला लागली की चोळू नका, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. पावसाळ्यानंतर गवतात गोचीड असते; पँट मोज्यात खोचा आणि रात्री काखा, कंबर तपासा. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर लावू नका, बिडी ओढू नका, दगड तर अजिबात मारू नका. माश्या उठल्याच तर हात हलवत बसू नका, तोंड झाकून दूर पळा. मच्छरदाणी किंवा मलम न्या. सर्पदंश झाला तर चिरा देणं, आवळून बांधणं विसरा. तो अवयव न हलवता धारणी किंवा अचलपूर, जे जवळ पडेल तिकडे निघा. १०८ला फोन लावायला नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून वाहन हाताशी असणं हाच खरा इलाज.

तिसऱ्या दिवशी चिखलदरा. उजाडताना कॉफीच्या बागांच्या कडेने चाला. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव निघतं, आणि तिथल्या सावलीच्या झाडांत पाखरं बरी असतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी माणसाने शीळ घातल्यासारखा आवाज आला तर तो शीळकरी कस्तूर. गाविलगड किल्ल्यावर नऊच्या आत जा. १८०३च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला आत इतका पसरला आहे की तलाव, पडके दरवाजे आणि गवताची मैदानं यांत दोन तास सहज जातात. कड्यालगत पाकोळ्या घिरट्या घालताना वरून दिसतात, हे सुख खाली मिळत नाही. परतताना गवळ्यांकडून खवा घ्या. सकाळचा घ्या, दुपारचा नको.

गावात शिरताना. कोरकू गावाला ढाणा म्हणतात: मध्ये रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची ओळ. भाषा कोरकू, मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. तुमची मराठी इथे अडखळली तर हिंदीत बोला, धारणीकडे तीच चालते. राम राम करा, गाडी गावाबाहेर उभी करा, आणि पहिल्याच दारात कॅमेरा काढू नका. गावच्या पूजेअर्चेचा मान भूमकाचा असतो. देवाच्या जागी किंवा झाडाखालच्या लाकडी मुंड्यांजवळ जायचं तर कोणाला तरी विचारूनच जा. मुंडा म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला सागाचा कोरीव खांब, वर चंद्र-सूर्य, घोडेस्वार कोरलेले. त्याला टेकून फोटो काढणारे पाहुणे गावाच्या मनातून कायमचे उतरतात.

होळीच्या दिवसांत बायका आणि पोरं रस्त्यात दोर धरून गाडी अडवतात, गाणी म्हणतात आणि फगवा मागतात. ही वाटमारी नव्हे. दहाच्या नोटांचा गठ्ठा परतवाड्यातच करून ठेवा, काच खाली करा, गाणं पुरं ऐका, मग द्या. दिवाळीनंतर आलात तर आठवडी बाजारात घुंगरू बांधलेले थाट्या, म्हणजे गुराखी, नाचताना दिसतील. त्या बाजारांना घुंगरू बाजारच म्हणतात. कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी ते मुक्कामी पोचताच विचारा आणि पूर्ण बेत त्या वाराभोवती फिरवा. बाजारात कुटकी, सावा आणि मोसमात चारोळी घ्या, भाव फार पाडू नका. मोहाची दारू मात्र विकत मागू नका. कोणी घरात प्रेमाने पुढे केली तर घोट घ्यायचा की हात जोडायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा, दोन्ही चालतं.

आणि पोरांना चॉकलेटं वाटू नका. कुपोषणाच्या बातम्या वाचून आलेले लोक बारीक पोरांचे फोटो काढतात आणि गोळ्या वाटतात, हे इथल्यांनी फार सोसलंय. त्यापेक्षा पोरांच्या हातात दुर्बीण द्या आणि पाखराला कोरकूत काय म्हणतात ते विचारा. पट्टा मात्र आधी त्यांच्या गळ्यात अडकवा.